आधी शिक्का आणि पेन्सिल बघा, संगीतकार मागाहून

टोकियोतल्या जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातला ऑर्केस्ट्राचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकत्र), मुखपृष्ठ गायब, पहिल्या पानावर 'जेओएके'चा शिक्का आणि शेवटी पेन्सिलीने 12.6.10. हा कुठल्या संगीतकाराचा, हे कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंत; वर्णन वाचून राहवलं नाही.

ती तारीख 12 जून 1910 नव्हे. जपानीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आणि वर्ष बहुतेकदा सम्राटाच्या कारकिर्दीचं. म्हणजे ताइशो 12 (1923) नाहीतर शोवा 12 (1937). जेओएके ही टोकियो रेडिओची खूण आणि तिथलं प्रसारणच 1925 मध्ये सुरू झालं. शिक्का मागाहून मारलेला नसेल, तर 10 जून 1937 धरून चला.

असाच एक निनावी स्कोअर घेऊन मी एका संग्रहाच्या खिडकीवर गेलो होतो. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. संगीतकाराचं नाव भरल्याशिवाय अर्जच घेईनात. अहो, तेच तर शोधायला आलोय! मग म्हणाले, वारसांचं पत्र आणा. कुणाच्या वारसांचं? खिडकीवरच्या बाई कमरेत वाकून माफी मागायच्या आणि अर्ज तितक्याच अदबीने परत सरकवायच्या. यात किती महिने गेले ते आठवलं तरी डोकं फिरतं.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): स्कोअरच्या मागे लागू नका, पार्ट्स (एकेका वाद्याची वेगळी पानं) शोधा. स्कोअर संगीतकाराच्या घरी जातो. संगीतकार ओसावा हिसातो 1953 मध्ये गेले, त्यांची हस्तलिखितं कित्येक दशकं कोबेच्या घरात पडून होती. पार्ट्स मात्र ऑर्केस्ट्राकडेच राहतात आणि कंटाळलेले वादक त्यावर काय वाट्टेल ते लिहितात: तारीख, कंडक्टर, किती मिनिटं लागली. माझं कोडं सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या पानावर खरडलेल्या कंडक्टरच्या आडनावाने सुटलं.

तारीख हाती असली की वर्तमानपत्रं. योमिउरीत 1925 पासून रेडिओचा रोजचा कार्यक्रम छापून यायचा. तुमच्या तारखेच्या मागचे-पुढचे दिवसही चाळा. ऑर्केस्ट्राच्या नावाने गोंधळू नका. 1926 ची 'न्यू सिम्फनी', 1942 ची 'जपान सिम्फनी' आणि 1951 पासूनची 'एनएचके सिम्फनी' ही एकच मंडळी. जुन्या पुस्तकांत 'निप्पोन किंदाई ओंगाकुकान'चा (आधुनिक जपानी संगीताच्या संग्रहालयाचा) पत्ता सापडेल, तिथे जाऊ नका; ते 2010 ला बंद झालं, संग्रह मेइजी गाकुइन विद्यापीठाकडे गेला.

वाजवायचा विचार असेल तर कॉपीराइटचं बघा. संगीतकार 1967 किंवा त्याआधी वारला असेल तर जपानात सहसा अडचण नाही, त्यानंतर वारला असेल तर मृत्यूपासून 70 वर्षांचा नियम लागतो. मी वकील नाही, खात्री करून घ्या.

आणि फाटलेल्या कडांना कृपा करून सेलोटेप लावू नका. शिक्क्याचा फोटो टाकाल तेव्हा उजेड बाजूने, तिरका पडू द्या. पुसलेली पेन्सिलही त्यात दिसते.