तंत्रज्ञान बदललं की आपले कारखानदार पुढच्यांना गाठतात, की आणखी मागे पडतात?

बदल कसला आहे, त्यावर ठरतं. जुन्याच वाटेवर सुधारणा होत असेल तर पुढचा पुढेच राहतो, त्याच्याकडे अनुभवाचा साठा असतो. वाटच बदलली तर तो साठा निकामी होतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत सोनीला हात लावणं कठीण होतं. फ्लॅट पॅनल आले आणि 2006 पासून कोरियाची सॅमसंग टीव्ही विक्रीत जगात पहिली आहे. बीवायडी या चिनी कंपनीचंही तसंच. 1995 मध्ये बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली, गाड्यांत 2003 साली उतरली. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच लागत नाही म्हटल्यावर जर्मनांचं शंभर वर्षांचं इंजिनज्ञान बीवायडीच्या आड आलं नाही.

आता आपल्या नागपुरात या. हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपात सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) आला, की ट्रॅक्टरचा शाफ्ट पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक निघतो. पण मशीनचा कंट्रोलर बहुतेक वेळा जपानी किंवा जर्मन, आणि ड्रॉइंग, म्हणजे भागाचं डिझाइन, गिऱ्हाइकाचं. मशीन तर शेजारचाही कर्ज काढून आणतोच, मग भाव पडतात. माझ्या मते खरी कसोटी एकच: ड्रॉइंग कोणाचं? कोरियाने परदेशी तंत्रज्ञान विकत घेतलं, पण सोबत स्वतःचे डिझाइन इंजिनिअरही घडवले. आपल्याकडे व्हीएनआयटी या नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेला पोरगा थेट पुण्याची नाहीतर बंगळूरची गाडी पकडतो.