"आम्ही त्याला गोड देतच नाही हो"

"मॅडम, आम्ही त्याला गोड देतच नाही हो, चॉकलेट तर महिन्यातून एखादं, तरी दात कसे किडले?" हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून इतक्या आयांकडून ऐकलाय की शेवटी ही एक केस लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा सहा वर्षांचा, आई नोकरीला, दिवसभर तो आज्जीकडे. डेंटिस्टने चार दाढा किडल्याचं सांगितलं, शिवाय जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो ही तक्रार होतीच. आईच्या डोळ्यांत पाणी आणि शेजारी आज्जी एकदम गप्प, घरी आधीच "तुमच्या लाडांमुळे" वगैरे होऊन गेलं असणार हे चेहऱ्यांवरूनच कळत होतं.

त्या दिवशी मी काहीच बंद करायला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, आठवडाभर तो काय काय खातो-पितो ते लिहून ठेवा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आणा.

पुढच्या वेळी टेबलावर साखरेचा डबा, वाटी आणि चमचा ठेवला आणि मोजायचं काम आज्जींना दिलं. एक सपाट चमचा म्हणजे 4 ग्रॅम. दुधात पावडरचे दोन भरलेले चमचे, त्यात साधारण 7 ग्रॅम साखर, वर आज्जी एक चमचा घालायच्या कारण त्याशिवाय तो दूध पीत नाही, आणि असं दूध दिवसातून दोनदा, म्हणजे 22 झाले. शाळेतून आला की ज्यूसचा छोटा टेट्रापॅक, 24. चार ग्लुकोज बिस्किटं, 5. डब्यातल्या पोळीच्या रोलला सॉस, तो तर तिखट-आंबट म्हणून कुणाच्या हिशोबातच नव्हता, 8. एकूण 59. वाटीत जवळजवळ पंधरा चमचे साखर पडली आणि आज्जी त्या वाटीकडे बघतच राहिल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला 25 ग्रॅमच्या आत सांगितलीय, म्हणजे जेमतेम सहा चमचे.

"पण ती पावडर तर ताकदीची ना?" आज्जींनी विचारलं. त्यांची काही चूक नाही, डब्यावर तसंच दिसतं. एप्रिल 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असल्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका, कारण अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. आणि जेवायच्या आधी तासभर एवढं गोड दूध पोटात गेल्यावर त्याला भूक लागणार कुठून!

घरी जाऊन आईने एका दिवसात सगळं बंद केलं. तीन दिवस त्याने दुधाला तोंड लावलं नाही, रडारड, आणि आज्जींनी गुपचूप ज्यूस आणून दिला, त्यावरून परत भांडण. मला फोन आला. हे मी आधीच बजावून सांगायला हवं होतं, जीभ अशी एका दिवसात बदलत नाही. मग ठरलं की वरची साखर आधी अर्धा चमचा, दहा दिवसांनी बंद, मग पावडर भरलेल्या चमच्यावरून सपाट चमच्यावर, मग एकच चमचा. ज्यूसच्या जागी ताक किंवा फळ तसंच चावून खायला, सॉसच्या जागी आज्जींची दाण्याची चटणी दह्यात कालवून. गूळ घातला तर चालेल का असं सगळेच विचारतात, तर नाही, गूळ आणि मध सुद्धा या हिशोबात साखरच धरायची.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगितली, त्याच्यासमोर "तुला बंद" म्हणायचं नाही. टेट्रापॅक घरातच आणायचे नाहीत, बाबांसाठी सुद्धा नाहीत, फ्रिजमध्ये दिसला की तो मागणारच आणि त्यात त्याचा काय दोष?

अडीच महिने झालेत. दूध आता वरच्या साखरेशिवाय एकदाच पितो, पावडर एक चमचा अजून आहे. रात्री पोळी-भाजी नीट खातो असं आई म्हणाली, आणि चटणी मीच केलीय हे आज्जींनी लगेच मधे सांगितलं. किडलेल्या दाढांचं काम डेंटिस्टकडे चालू आहे, ते काही खाणं बदलून भरून येणार नव्हतं. सकाळचं चहा-बिस्किट मात्र सुटलेलं नाही, आज्जींचंही नाही आणि त्यांच्या मांडीवर बसून खाणाऱ्या नातवाचंही नाही. पुढच्या महिन्यात दोघी येतायत तेव्हा ते बघू.