हिल्यादा, तिसुचा आणि किलोभर बटाटे

प्रश्न : सर्बियात, बेलग्रेडला असताना हजाराला 'हिल्यादा' म्हणायला शिकलो. पुढे क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका सहकारी बाईंसमोर तोच शब्द वापरला, तर त्या तुटकपणे म्हणाल्या, "आमच्याकडे 'तिसुचा' म्हणतात." सर्बियन आणि क्रोएशियन या एकाच भाषेच्या दोन बोली ना? मग एवढं काय बिघडलं?

उत्तर : आधी ते 'दोन बोली' सोडा. ऐकून ऐकून कान किटले. प्रकार नेमका उलटा आहे. दोन्ही प्रमाणभाषा श्तोकावियन या एकाच बोलीवर उभ्या आहेत. बोली एक, प्रमाणभाषा दोन (बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन धरल्या तर चार). खुद्द झाग्रेबची जुनी बोली निराळीच, कायकावियन. या बोलींना नावं पडली ती 'काय' या अर्थाच्या शब्दांवरून. कुणी 'श्तो' म्हणतं, कुणी 'चा', आणि झाग्रेबकर म्हणतात चक्क 'काय'! उच्चारसुद्धा तोच. असो, यावर लिहायला बसलो तर तुमचा प्रश्न राहील.

बिघडलं काय, ते थोडक्यात. सर्बिया आणि क्रोएशिया युगोस्लाव्हियात एकत्र होते तेव्हा, १९५४ च्या नोवी साद करारात 'भाषा एकच' असं ठरलं. १९६७ मध्ये क्रोएशियन लेखक आणि भाषातज्ज्ञांनी जाहीरनामा काढून आपल्या भाषेचं वेगळं नाव मागितलं. पुढे युगोस्लाव्हिया फुटला आणि शब्द ओळखपत्रासारखे तपासले जाऊ लागले. पावाला 'ह्लेब' म्हटलंत की तुम्ही सर्ब, 'क्रुह' म्हटलंत की क्रोएट. आपली भाषा सर्बियनमध्ये जिरवली जाईल ही क्रोएटांना धास्ती. तर बरेच सर्ब म्हणतात, ही आमचीच भाषा, पाटी तेवढी बदललीय. वर टिंगल. कमरपट्ट्याला म्हणे क्रोएट 'ओकोलोत्र्बुश्नी पान्तालोद्र्झात्स' म्हणतात, म्हणजे पोटाभोवतीचा विजारधारक! असं कुणीही म्हणत नाही. आपल्याकडे सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमन' वगैरे माळ थट्टेत ओवली गेली, तसलंच ते.

पण मला बोलायचंय ते 'हिल्यादा'बद्दल. हा शब्द मुळात सर्बांचा नाहीच. तो ग्रीकांकडून आला. ग्रीक 'खिलिओइ' म्हणजे हजार, आणि त्यावरूनच फ्रेंचांनी दशमान मापांसाठी 'किलो' घडवला. म्हणजे 'हिल्यादा'ला नाक मुरडणाऱ्या बाई दोलात्सच्या भाजीबाजारात किलोभर बटाटे मागतात, तेव्हा त्याच शब्दाचं नातलग त्यांच्या तोंडात असतं! अजून पुढे चला. त्या ग्रीक शब्दाचं मूळ आणि 'सहस्र'मधलं 'हस्र' एकच. आपल्या पूर्वजांनी आधी 'स', म्हणजे 'एक', जोडला इतकंच. आणि फारसी 'हजार' हा 'सहस्र'चा सख्खा भाऊ. संस्कृत 'स'चा फारसीत 'ह' होतो (सप्त, हफ्त), 'ह'चा 'ज' होतो (बाहू, बाजू). लावून बघा. आमचे भाषाशुद्धीवाले परका म्हणून 'हजार' खोडून 'सहस्र' लिहितात, म्हणजे एका भावाला उंबऱ्याबाहेर काढून दुसऱ्याला पाटावर बसवतात.

आता 'तिसुचा'. रशियन लोकही हजाराला याच शब्दाचं भावंड वापरतात, त्यामुळे 'हा क्रोएटांचा शब्द' म्हणणंही फोल. स्लावांनी (म्हणजे रशियन, सर्ब, क्रोएट वगैरेंच्या पूर्वजांनी) तो जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या जर्मानिक भाषांकडून उसना घेतला, असं काही व्युत्पत्तिकार मानतात. मला मुळीच पटत नाही. 'तु' म्हणजे फुगणं, बळावणं (संस्कृत 'तवस्' आठवा), त्याला जोडून शंभर. 'फुगलेलं शंभर'! स्वरांची अडचण येते म्हणतात. येऊ दे. इतकी झकास फोड समोर असताना उसनवारी कशाला?

हां, तुमचा प्रश्न. चुकलं काहीच नाही, पण त्या बाई पुन्हा भेटल्या की 'तिसुचा' म्हणा. त्यातला च 'चंद्रा'तला, 'चटक्या'तला नव्हे.