क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक क्रीमचा अ‍ॅसे (औषधाचं मोजलेलं प्रमाण) ८८-९० टक्केच येतो, एचपीएलसीचं (कॉलममधून द्रव ढकलून घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं) प्रेशरही चढतं. सॅम्पल बनवताना काय चुकतंय?

दोन्ही दुखणी एकाच बेसची (क्रीमच्या मेणकट आधाराची) वाटतात. औषध मेणात अडकून राहतं म्हणून अ‍ॅसे कमी, आणि विरघळलेलं मेण कॉलमवर जाऊन थिजतं म्हणून प्रेशर.

१ टक्क्याची क्रीम असेल तर १ ग्रॅम ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या. स्पॅच्युलाने टाकू नका, निम्मी मानेला चिकटते. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये क्रीम भरा, थेट बुडाशी सोडा आणि आधी-नंतरच्या वजनातला फरक धरा. ३० मिली मेथॅनॉल घालून ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये बेस पूर्ण वितळू द्या, मग जोरात हलवा. गुठळी दिसतेय तोवर थांबू नका. नुसतं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी ढवळणं) पुरत नाही. खोलीच्या तापमानाला आणून मगच खुणेपर्यंत भरा.

आता खरी गोम: फ्लास्क १५-२० मिनिटं बर्फात ठेवा. थंडीत तूप थिजावं तसं मेण पांढरं होऊन वेगळं पडतं. गार असतानाच ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, पहिले ३-४ मिली टाकून द्या. आम्ही कुपवाडला एप्रिलच्या उकाड्यात ही बर्फाची पायरी वगळली होती. आठवड्यात गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा संरक्षक कॉलम) निकामी झाला.

व्हॅसलीनचं मलम असेल तर हेक्झेनमध्ये विरघळवून थोडं पाणी घातलेल्या मेथॅनॉलने सेपरेटिंग फनेलमध्ये दोन-तीनदा ओढा. बीटामेथासोन व्हॅलरेट या स्टेरॉइडला मात्र उष्णता जपून द्या, १७-व्हॅलरेटचं २१-व्हॅलरेट होतं, म्हणजे रेणूची रचना बदलते.

प्लासिबोत (औषध नसलेल्या नुसत्या बेसमध्ये) मोजून औषध घालून रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती टक्के परत मिळतं ते) एकदा काढाच.