चेंबर तुंबण्याआधी सूचना मिळेल का?

प्रश्न : शिवाजी पेठेतील एका सार्वजनिक स्वच्छतागृहाची देखभाल आमच्या तालीम मंडळाकडे आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी वाढली की ते हमखास तुंबते. शिवाय वरच्या टाकीतले पाणी एरवीही लवकर संपते. एका विक्रेत्याने प्रत्येक भांड्याजवळ सेन्सर बसवण्याचे सुचवले आहे. हा खर्च करावा का? – एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक भांड्याजवळ सेन्सर बसवू नये, असे आमचे मत आहे. आपल्या दोन्ही तक्रारींना मिळून दोन उपकरणे पुरतील.

पाणी लवकर संपते ते बहुधा फ्लशच्या टाकीतील झिजलेल्या वायसरमुळे किंवा नीट न बसणाऱ्या बॉलकॉकमुळे. मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे दिवसाला १,४४० लिटर पाणी. वरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या नळावर नोंद पाठवणारा मीटर बसवला, तर स्वच्छतागृह रात्री बंद असतानाही आकडा पुढे सरकतो का, हे घरबसल्या कळते. मात्र त्याआधी एक फुकटची चाचणी करावी : फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि फ्लश न करता तो भांड्यात उतरतो का, ते पाहावे.

तुंबण्याची सूचना देणारा सेन्सर बाहेरच्या चेंबरच्या झाकणाखाली बसवतात. तो ध्वनिलहरी खाली सोडून त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून पाण्याची पातळी मोजतो. पुढच्या नळीत सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या किंवा प्लास्टिक अडकले की पाणी आधी या चेंबरमध्ये साचते आणि भांडी वरच्या पातळीवर असल्याने तिथे नंतर चढते. हा मधला अवधी हीच या तंत्राची खरी कमाई आहे. एकाच वेळी अनेकांनी फ्लश केल्यास पातळी क्षणभर वाढतेच, त्यामुळे ती ठरावीक मिनिटे उतरली नाही तरच संदेश जावा, अशी मांडणी करून घ्यावी, अन्यथा खोट्या इशाऱ्यांना कंटाळून लोक संदेश पाहणेच सोडतात. फेस, बाष्प आणि कोळ्याची जाळी यांमुळे मोजमाप चुकते, तर लोखंडी झाकणाखालून रेडिओ संदेश नीट बाहेर पडत नाही. चेंबरमध्ये मिथेन साचू शकतो, म्हणून ठिणगी न पडणारे, ज्वलनशील वायूच्या जागेसाठी प्रमाणित केलेले उपकरणच घ्यावे.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागली की सखल भागातील गटारांचे पाणी नदीकडे नीट उतरत नाही आणि नळीत अडथळा नसतानाही चेंबर भरतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको. एकच चेंबर भरला तर अडथळ्याचा संशय घ्यावा. आजूबाजूचे सगळेच एकदम भरले तर नदीचा फुगवटा समजावा, कारण तेव्हा नळी साफ करून काहीच साधत नाही.

संदेश आल्यावर कोणालाही चेंबरमध्ये उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. जेटिंगची (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नळी मोकळी करणारी) किंवा मैला उपसणारी गाडीच मागवावी. विक्रेत्याशी करार करताना सेन्सर पुसण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे आणि नवरात्रात रात्री येणारा संदेश मंडळातील कोणाच्या फोनवर जाईल, ते नाव आधीच ठरवावे.