ग्रँडमास्टर झाला, मग आता टेन्शन कसलं?

"मॅडम, एकदा ग्रँडमास्टर झाला की सुटलो ना आम्ही?" मी काउन्सेलर, चेस खेळणाऱ्या मुलांचे आईबाबा मला हे हमखास विचारतात. ग्रँडमास्टर म्हणजे चेसमधलं सगळ्यात मोठं टायटल. मग मी त्यांना एका मुलाचं सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून, कारण तो माझ्याकडे आला तोच मुळी ग्रँडमास्टर झाल्यानंतर.

वय 23, घर कोथरूडला. आई घेऊन आली, म्हणाली रात्र रात्र झोपत नाही, स्वतःचा अभ्यास बंद, दिवसभर नुसता ऑनलाइन पोरांना शिकवतो. पहिली दोन सेशन्स तो हो-नाही एवढंच बोलला. तिसऱ्या वेळी मी सहज विचारलं, टायटल पक्कं झालं त्या दिवशी काय केलंस रे? तर म्हणे, रूमवर जाऊन झोपलो, उठल्यावर कळेचना आता तयारी कशाची करायची.

आठव्या वर्षापासून घरात ग्रँडमास्टर व्हायला लागणारे तीन नॉर्म (मोठ्या टुर्नामेंटमध्ये ठरावीक दर्जाचा खेळ) आणि 2500 रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा), बास, त्याच्या पुढचं कोणी कधी बोललंच नव्हतं.

वडिलांना बोलावलं. त्यांच्या डोक्यातला ग्रँडमास्टर जुन्या काळातला. 1988 ला विश्वनाथन आनंद देशातले पहिले, 2000 ला आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे चौथे, तेव्हा त्या शब्दाचं वजनच वेगळं होतं, आणि 2025 मध्ये दिव्या देशमुख झाली ती 88वी. टायटल आयुष्यभर राहतं पण त्यावर घर चालत नाही ना, गुकेशसारखे मोजके सोडले तर बाकीचे शिकवतात, युरोपात क्लबकडून लीग खेळतात, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी बघतात. शिवाय 2510 रेटिंगवाल्याने 2300 च्या एखाद्या शाळकरी पोराशी ड्रॉ केला की रेटिंगचे 2.7 पॉइंट गेले, आणि तेही विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं खिशातून भरून.

वडील एकदा बोलून गेले होते, "एवढं करून शेवटी क्लासच घ्यायचे होते का?" त्यांच्या लेखी शिकवणं म्हणजे हरणं.

मी मुलाला आठवडाभराचे तास लिहायला सांगितले. शिकवणं 41, स्वतःचा अभ्यास 3. एवढं कशासाठी, म्हटलं, तर त्याने बॅगेतून एक वही काढली. बाबांनी लहानपणापासून केलेला खर्च, टुर्नामेंटवार, आठवेल तसा लिहिलेला. तो ते फेडत होता! वडिलांसमोर ती वही उघडली तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत राहिले, मग एवढंच म्हणाले, "मी कधी मागितले रे?"

म्हणून लहान चेसवाल्यांच्या आईबाबांना मी कळकळीने सांगते, टायटलच्या दुसऱ्या दिवशी काय, हे आत्ताच पोराशी बोला, आणि हा खर्च म्हणजे उधारी नाही हे त्याला तोंडाने सांगा, ते मनातून आपोआप कळत नाही हो.

आमचं ठरलं ते साधंच. शिकवायचं आठवड्याला 20 तास, सकाळ स्वतःच्या खेळाला, जेवताना रेटिंगचा विषय नाही. टायटलनंतर घसरलेलं रेटिंग अजून 2500 च्या खालीच आहे पण झोप लागते.

परवा वडिलांचा फोन आला, सोसायटीतल्या एका छोट्याला त्याच्याकडे शिकायला पाठवायचंय, फी किती घेतो तो? म्हटलं, अहो, त्यालाच विचारा ना.