कोपनहेगनला येताय आणि बोडेगाबद्दल विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याला कोपनहेगनला नोकरी लागलीय, मुलगा दुसरीत आहे, आणि जो तो सांगतोय की डॅनिश लोकांशी ओळखीच होत नाहीत. त्यात कोणीतरी म्हणालं की ओळख करायची तर गल्लीतल्या बोडेगात जाऊन बसा, तर हे बोडेगा म्हणजे नेमकं काय आणि न पिणाऱ्या आपल्यासारख्या बाईने तिथे जावं का, असं तू विचारलंस. व्हिसा, पगाराची अट, टॅक्स कार्ड हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते मी लिहीत बसत नाही. बोडेगाचं मात्र कुठे धड लिहिलेलं नाही, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात बरंच काही फिरतंय.

तर सरळ सांगते, जा. आल्याआल्या जा, वर्षभर थांबू नकोस.

बोडेगा म्हणजे मोहल्ल्यातला जुना बार. आम्ही कोपनहेगनच्या अमागर भागात राहतो, इथे अमागरब्रोगेड ह्या मोठ्या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत असे बरेच आहेत. बाहेरून आत काही दिसत नाही, खिडकीला अर्धे पडदे, आत तपकिरी लाकूड, टेबलावर खाली सोडलेले पिवळे दिवे, एखादा ज्यूकबॉक्स, कोपऱ्यात जुगाराचं मशीन. प्यायला बाटलीतली टुबोर्ग नाहीतर कार्ल्सबर्ग बियर, आणि गामेल डान्स्क नावाची कडू दारू, जी म्हातारे लोक सकाळी पण घेतात. आणि धूर. हे आधीच सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. २००७ च्या ऑगस्टमध्ये इथे हॉटेल-बारमध्ये सिगरेट बंद झाली, पण ४० चौरस मीटरपेक्षा लहान आणि स्वयंपाक न करणाऱ्या बारला सूट मिळाली, म्हणून बऱ्याच छोट्या बोडेगांत अजून धूर असतो आणि खायला काही मिळत नाही. घरी आलं की कपडे थेट मशीनमध्ये. मुलाला घेऊन अजिबात जाऊ नकोस. अस्थमा असेल तर बिनधुराची शोध, आता तशाही आहेत.

पाहुणे आले की दाखवायला वेगळ्या जागा आहेत, कोंगेन्स न्यूटोर्व चौकातला व्हीड्स व्हिनस्टुए हा बार १७२३ पासूनचा, आणि गामेल कोंगेव्हाय रस्त्यावर व्हिनस्टुए ९० आहे जिथे एक ग्लास बियर भरायला पंधरा मिनिटं लावतात. बघण्यासारख्या आहेत. पण तुला हवंय ते तुझ्या घराच्या कोपऱ्यावरचं, ज्याचं नाव कुठल्या यादीत नसतं.

आता का जा म्हणते ते. ऑफिसात, मुलाच्या शाळेत, दुकानात, तू डॅनिशमध्ये एक वाक्य अडखळत बोललीस की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो. चांगुलपणानेच येतो, पण तुझी भाषा तिथेच थांबते. बोडेगातले म्हातारे तसं करत नाहीत. त्यांना इंग्लिश येतं, पण ही त्यांची जागा आहे, तिथे ते डॅनिशच बोलतात आणि तुझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतात, कारण कोणालाच घाई नसते. माझे आकडे तर फाशांवर पक्के झाले. मायर नावाचा खेळ आहे, दोन फासे आणि एक चामड्याचा पेला. पेला हलवून टेबलावर उपडा मारायचा, आपण एकट्याने डोकावून बघायचं आणि आकडा सांगायचा, मोठा फासा आधी, म्हणजे सहा आणि पाच पडले की पासष्ट. खरं सांग नाहीतर थाप मार. पुढचा एकतर तुझी थाप पकडून पेला उचलणार नाहीतर त्याला त्याहून वरचा आकडा सांगावा लागणार, आपण लहानपणी पत्त्यात चॅलेंज खेळायचो तसंच. दोन्ही फासे सारखे पडले की जोडी, ती बाकी आकड्यांच्या वर, आणि सगळ्यात वर दोन-एक, तो मायर, त्याच्या खाली तीन-एक, तो छोटा मायर. डॅनिशमध्ये पासष्ट म्हणताना आपल्यासारखंच आधी पाच मग साठ येतात, त्यामुळे इंग्लिशवाल्यांपेक्षा आपल्याला सोपं जातं. तिथली बारवाली बाई, साठीच्या पुढची, मी चुकीचा आकडा बोलले की पेल्यावर बोट आपटायची आणि बरोबर आकडा म्हणायची, बस, पुढे खेळ चालू.

न पिण्याचं टेन्शन घेऊ नकोस. कोला माग, कॉफी माग, बिनअल्कोहोलची बियर माग, कोणी का म्हणून विचारत नाही. आत गेल्यावर सगळ्यांकडे बघून हाय म्हणायचं, ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, बसायच्या आधी जागा रिकामी आहे का विचारायचं, कारण एखादं टेबल वर्षानुवर्षं त्याच लोकांचं असतं. बारच्या वर घंटा टांगलेली दिसली तर हात लावू नकोस, ती वाजवली की सगळ्यांचं बिल आपलं. स्कोल, म्हणजे आपलं चिअर्स, म्हणताना डोळ्यात बघायचं. कोणी तुला काही पाजलं तर पुढच्या वेळी तू विचार. थोडी कॅश ठेव, काही ठिकाणी कार्ड चालत नाही. पहिल्यांदा दुपारी चार-पाचला जा, शुक्रवारी रात्री नको, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तर नकोच, त्या दिवशी रात्री ८:५९ ला टुबोर्गची ख्रिसमसची बियर येते आणि निळ्या टोप्यांची गर्दी उसळते.

आणि बाईने बारमध्ये एकटीने बसणं. मला माहितीये तुझ्या मनात काय चाललंय, माझी आई साताऱ्याला, तिला मी अजून नीट सांगितलेलं नाही. पण तिथे एकट्या म्हाताऱ्या बायका पेपर वाचत बसलेल्या असतात आणि त्यांना कोणी त्रास देत नाही. हेही खरं की काही लोक सकाळपासून पीत असतात आणि त्यांचं काही बरं चाललेलं नसतं, ते बघून वाईट वाटतं, ते मी गोड करून सांगणार नाही.

कागदांचं एकच सांगते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत असतं. इथे ते सगळं तुझंच नाव धरतात. माझ्या मुलाला वर्गाच्या यादीत त्याच्या बापाच्या नावाने घातलं होतं, आणि ते दुरुस्त करायला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, डिजिटल पोस्टात, म्हणजे सरकारी ऑनलाइन पत्रपेटीत, पत्र, त्या पत्राला उत्तर, की हे आमच्याकडे होत नाही. शाळेत पहिल्या दिवसापासून सांग की ह्याला अमुक म्हणा.

शाळेचं मी अजून विसरलेले नाही. नवीन आलेल्या मुलांना आधी भाषेच्या वेगळ्या वर्गात घालतात, आमचा तर दुसऱ्याच शाळेत होता, बसने जायचं. तिथून गल्लीतल्या शाळेत आला तोपर्यंत इथली पोरं शून्य इयत्तेपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षापासून, एकत्र, वर्ग बदलतच नाही, सगळ्यांच्या जोड्या जुळलेल्या. पालकांच्या मीटिंगमध्ये बाई म्हणाल्या, शांत मुलगा आहे. माझा मुलगा! सोसायटीत ह्याचा आवाज चौथ्या मजल्यावर यायचा. आणि वर सल्ला, घरी पण डॅनिश बोला. मी गप्प बसले, घरी येऊन नवऱ्याशी भांडले. आम्ही घरी मराठीच बोललो, पण त्या वाक्याचा राग अजून जात नाही.

ती गोष्ट मी बोडेगात सांगितली, तोडक्यामोडक्या डॅनिशमध्ये. एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा होते, ते म्हणाले शाळेची वाट बघू नको, त्याला हँडबॉल क्लबला घाल. इथे सगळं क्लबांवर चालतं, कोच म्हणजे कोणाचे तरी आईबाबाच, फुकट शिकवणारे. आजोबांनी बियरच्या गोल पुठ्ठ्यावर क्लबचं नाव लिहून दिलं. सहा महिन्यांत पोरगा परत बोलायला लागला, फक्त आता अमागरच्या डॅनिशमध्ये, आणि आजीशी फोनवर बोलताना मध्येच शब्द शोधतो. ह्याचा आनंद मानायचा की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

एकटेपणा येतो गं. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त. दिवा लाव, जॅकेट घाल, बाहेर पड. गणपतीला, दिवाळीला इथली मराठी मंडळी जमतात, तिथे ये, पण फक्त तिथेच राहू नकोस, मी आधीची काही वर्षं तशी काढलेल्या बायका बघितल्यात, त्यांना शेजारणीचं नाव माहीत नसतं.

नवरा अधूनमधून विचारतो, परत जायचं का. मी विषय बदलते. तुला "या, मस्त आहे" असं छातीठोक सांगता येत नाही ते त्यामुळे.

घर अमागरला बघत असाल तर कळव. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागू शकतात, तेव्हा सही करायच्या आधी कागद मला पाठव, मी वाचून सांगते.